करंगळीपायी बदललेलं हँडल

आर्डन क्विस्टच्या उजव्या हाताची करंगळी झोपायची. बाकीचा आर्डन टक्क जागा असायचा, मोटरसायकलवर बसलेला असायचा, समोरच्या रस्त्याकडे बघत असायचा. पण गाव सुटलं, धान्याचं उंच कोठार मागे पडलं, की करंगळी गाढ झोपी जायची. मग शेजारचं बोट पेंगायला लागायचं. तळ्याच्या अलीकडच्या पुलापर्यंत मनगट बधिर, आणि तिथून पुढे मानेत नि पाठीत असा काही ताठा भरायचा की बायकोला आधी उतरून त्याला गाडीवरून सोडवून घ्यावं लागायचं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वय झालं, चालायचंच. आर्डन त्यातला नव्हता. हॅल्व्हर गावाच्या पाणीपुरवठा कचेरीत उभी हयात घालवलेला हा माणूस. घरचा नळ गळायला लागला तर तो बंद करायच्या आधी का गळतोय हे बघत बसायचा. पाव भाजायचा टोस्टर त्यानं एकदा निव्वळ कुतूहलापोटी उघडला होता, तो अजून उघडाच होता. तेव्हा करंगळीच का? डावीकडची का नाही? अंगठ्याला काहीच कसं होत नाही? दुखण्यापेक्षा हे प्रश्नच त्याला जास्त छळायचे.

"अरे, दुखतंय तर डॉक्टरला दाखव की!" कोरीन, म्हणजे त्याची बायको, म्हणायची.

"डॉक्टर दुखणं थांबवेल गं," आर्डन म्हणायचा. "पण का दुखतं ते कुठे सांगतो?"

आता करंगळीची गोष्ट घरातच राहिली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण शुक्रवारी संध्याकाळी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं आणि सगळं हॅल्व्हर तिथे येतं. त्या दिवशी बर्फ वितळून रस्ते नुकतेच मोकळे झाले होते, आर्डन हौसेनं मोटरसायकलवरून आला होता, आणि त्याच्या हातातून काटा निसटून मासा थेट समोरच्या वेंडेलच्या मांडीवर जाऊन बसला.

वेंडेल म्हणजे कोरीनचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याचा आर्डनच्या गाडीवर डोळा होता. ती चॉकलेटी रंगाची, जुनी, दणकट मोटरसायकल दिसली की वेंडेल तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालायचा आणि टाकीवर हलकेच थाप मारायचा. शेजाऱ्याची म्हैस विकत घ्यायच्या विचारात असलेला माणूस मारतो तशी.

"दाजी," मांडीवरचा मासा ताटात परत ठेवत वेंडेल म्हणाला, "आता पुरे. तुम्ही मस्तपैकी आरामखुर्चीत बसा. गाडी मी सांभाळतो."

"मला काय धाड भरलीय?"

"मासा धरवत नाही तुम्हाला, गाडी काय धरणार!"

सगळं टेबल हसलं. त्या हसण्यानं आर्डनचं डोकं फिरलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "मे महिन्यात गाड्यांचा आशीर्वाद आहे ना? त्या दिवशी तळ्याला पूर्ण फेरी मारून दाखवतो. नाही मारली तर गाडी तुझी, म्हणशील त्या किमतीत!"

गाड्यांचा आशीर्वाद म्हणजे मोसमाची सुरुवात. लुथरन चर्चच्या आवारात आजूबाजूच्या गावांतल्या मोटरसायकली जमतात, पास्टरबाई त्यांच्यावर पाणी शिंपडतात, मग सगळा ताफा तळ्याला वळसा घालून परत चर्चच्या तळघरात केक खायला येतो. या फेरीत दर वर्षी आर्डन पुढे आणि कोरीन मागे, हे ठरलेलं. ती फेरी चुकणं म्हणजे नुसती गाडी जाणं नव्हतं. आर्डनच्या लेखी ते म्हातारं म्हणून जाहीर होणं होतं, तेही भर गावात, मेहुण्याच्या हस्ते.

"स्वतः चालवत, हात झटकायला न थांबता, पूर्ण फेरी," शेजारच्या टेबलावरून मिस्टर ऑस्ट्रँडर गंभीरपणे म्हणाले. ते शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले तरी कुठलंही वाक्य नीट करून देणं त्यांना आपलं कर्तव्य वाटायचं. पैजेचं वाक्य त्यांनी नीट करून दिलं, आणि आता त्यातून सुटायला वाट राहिली नाही. कोरीन बटाट्याचं सॅलड वाढून घेत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी आर्डननं गॅरेजचं दार वर केलं. हॅल्व्हरमध्ये बाकी सगळ्या गोष्टींना आमंत्रण लागतं; वर केलेलं गॅरेजचं दार हेच आमंत्रण समजलं जातं. दार वर आणि आत माणूस हातात पाना घेऊन उभा असला, तर रस्त्यानं जाणाऱ्यानं न थांबणं हा उद्धटपणा. आर्डननं पाना उचलला न उचलला तोवर मिस्टर ऑस्ट्रँडर कॉफीचा कप घेऊन आत आले होते. पाठोपाठ शेजारची शेरिल आली, घडीची खुर्ची घेऊन. शेरिल मणक्याच्या दवाखान्यात फोन उचलायला होती. इतकी वर्षं मणक्याच्या तक्रारी फोनवर ऐकून ती आता त्या विषयातली अधिकारी व्यक्ती झाली होती, निदान तिच्या मते.

"बस गाडीवर," शेरिल म्हणाली. आर्डन बसला. "अरे देवा! पाठ आहे का कमान? हँडल लांब आहे म्हणून तू वाकतोस, वाकतोस म्हणून सगळा भार मनगटावर येतो, आणि करंगळीची शीर दबते."

आर्डनचा चेहरा उजळला. का दुखतं ते कळलं! त्याच्या दृष्टीनं अर्धं काम झालं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे हँडल बदलणं. उंच, मागे वळलेलं, हाताजवळ येणारं हँडल. लागतो किती वेळ? चार बोल्ट तर आहेत.

वाचकहो, 'चार बोल्ट तर आहेत' असं म्हणून ज्या कामाला माणूस हात घालतो ते काम चार बोल्टांत कधीही संपलेलं नाही.

पहिला प्रश्न, किती उंच आणि किती मागे? मिस्टर ऑस्ट्रँडर म्हणाले, "शास्त्रीय पद्धतीनं ठरवू. डोळे मीट. हात सहज पुढे कर. जिथे थांबतील तिथे हँडल हवं." आर्डननं डोळे मिटले, हात पुढे केले, सरांनी केराच्या झाडूचा दांडा आडवा धरून भिंतीवर खडूनं खूण केली. खात्रीसाठी पुन्हा केलं, तर हात भलतीकडेच गेले. तिसऱ्यांदा तिसरीकडे.

"क्विस्ट, तू शाळेतही असाच होतास," सर म्हणाले.

"सर, डोळे मिटून सहज कसं करायचं? सहज करायचं म्हटलं की सहज होत नाही."

हे मात्र खरं होतं, आणि यावर दोघांची बराच वेळ चर्चा झाली. तेवढ्यात कोरीन बाहेर आली आणि तिनं गाडीवर बसलेल्या नवऱ्यापुढे कॉफीचा कप धरला. आर्डनचे दोन्ही हात आपसूक पुढे गेले, कोपरं सैल, खांदे खाली. "हलू नकोस!" शेरिल किंचाळली. सरांनी दांडा धरला, खूण केली. अशा रीतीनं आर्डनच्या हँडलचं माप कॉफीच्या कपावरून ठरलं आणि त्या मापाचं हँडल मागवण्यात आलं.

ते आलं तेव्हा खोकं बघून टपालवाल्यानं विचारलं, "सांबरशिंग मागवलंय का?" बाहेर काढल्यावर तसंच दिसत होतं. जुनं हँडल निघालं, पण मुठी काही नव्या हँडलवर चढेनात. साबण लावला, थुंकी लावली, देवाचं नाव घेतलं. शेवटी शेरिल म्हणाली, केसांवर मारायचा फवारा मार आत. ओला असताना सरकतो आणि वाळला की घट्ट धरतो. आर्डन घरात जाऊन कोरीनचा डबा घेऊन आला. युक्ती अगदी बिनचूक निघाली. फक्त पहिली मूठ उलटी बसली, ती काढून दुसऱ्यांदा बसवली, आणि तोवर डबा रिकामा झाला. रविवारी चर्चला निघताना कोरीननं रिकामा डबा डोक्यावर धरून दाबला, नुसती फुस्स हवा आली.

"आर्डन, माझे केस आज कुठे आहेत?"

"गॅरेजमध्ये," आर्डन खरं तेच बोलला.

हँडल बसलं. क्लचची वायर पोचली, ॲक्सिलेटरची वायरही पोचली. जरा ताणलेली वाटत होती, पण पोचली. सर म्हणाले, "पोचली म्हणजे पुरली." भाषेच्या दृष्टीनं यात काही चूक नव्हती. कुणाच्याही लक्षात आलं नाही की गॅरेजमध्ये गाडी सरळ उभी होती आणि रस्ते काही सगळे सरळ नसतात.

आर्डन गल्लीतून बाहेर पडला तो राजासारखा. पाठ ताठ, छाती पुढे, हात कॉफी घेतल्यासारखे. उजवीकडे वळला, छान वळली. पुढच्या कोपऱ्यावर डावीकडे हँडल वळवलं मात्र, आणि ताणलेली वायर आणखी ताणली गेली. गाडीनं आपण होऊन डरकाळी फोडली आणि एका बागेतल्या ट्यूलिपच्या वाफ्याकडे झेप घेतली. आर्डननं घाबरून हँडल सरळ केलं, गाडी शांत. कुतूहल म्हणून पुन्हा थोडं डावीकडे वळवलं. पुन्हा डरकाळी.

"असं होय!" आर्डन मोठ्यानं म्हणाला. भीती वाटली होती, नाही असं नाही. पण कारण कळल्याचा आनंद जास्त होता. मग त्यानं शहाण्या माणसासारखा निर्णय घेतला, आता फक्त उजवीकडे वळायचं. उजवीकडे वळत राहिलं की माणूस फिरून घरीच येतो.

येतोही, रस्ता खणलेला नसेल तर. थंडीनं उखडलेले रस्ते वसंतात दुरुस्त करतात, आणि त्याच्या गल्लीचं तोंड नारिंगी पाट्यांनी बंद केलेलं. सरळ जाणं भाग पडलं. ते थेट मुख्य रस्त्यावर. तिथून उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, की पुन्हा मुख्य रस्ता. न्हाव्याच्या दुकानातली माणसं काचेशी येऊन हात हलवायला लागली. त्यांना वाटलं, आर्डन नवं हँडल मिरवतोय. दुसऱ्या फेरीला कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेरीला त्यानं वैतागून एक चौक आधीच उजवीकडे गाडी घातली आणि बघतो तर पुढे काळी लांब गाडी, मागे दिवे लावलेल्या मोटारींची रांग. भला माणूस नेमका एका प्रेतयात्रेच्या मधोमध शिरला होता.

प्रेतयात्रेतून आडवं जाणं आपल्याकडे कुणी करत नाही. त्या रस्त्याला उजवीकडे फाटा नव्हता; बाहेर पडायचं तर डावीकडे, आणि डावीकडे म्हणजे डरकाळी. पुढे शववाहिका, मागे शोकाकुल नातेवाईक; अशा जागी डरकाळी फोडायची हिंमत कुणाच्या बापाला झाली असती? आर्डन निमूटपणे, मान खाली घालून, दफनभूमीपर्यंत गेला. तिथे गेल्यावर कळलं की गेले ते हातोडे-खिळ्यांच्या दुकानाचे म्हातारे मालक. मग त्यानं टोपी काढली आणि थडग्यापाशी उभा राहिला. त्याच्या अंगाला केसांच्या फवाऱ्याचा घमघमाट येत होता.

म्हाताऱ्यांच्या पत्नीनं त्याचा हात हातात घेतला. "यांना मोटरसायकलचा इतका तिटकारा होता," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तरी तू आलास हो!"

आर्डनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रेतयात्रेच्या पुढे बंदोबस्ताला शेरिफच्या कचेरीतला क्लेटन होता. आर्डनच्या मित्राचा मुलगा, लहानपणापासून बघितलेला. सगळे पांगल्यावर तो आला आणि कमरेवर हात ठेवून हँडलकडे बघत राहिला.

"काका, बसा जरा गाडीवर."

आर्डन बसला.

"मूठ खांद्याच्या वर नको, असा नियम आहे. तुमची वर दिसतेय."

"कशी दिसेल? मापून घेतलंय!"

"कशावर मापलं?"

कायद्याच्या माणसाला कॉफीचा कप सांगणं बरं दिसलं नसतं. क्लेटननं टेप काढली. आर्डन ताठ बसला की मूठ खांद्याच्या खाली. क्लेटन आकडा बघायला वाकला की आर्डनला सवयीनं पोक यायचं आणि मूठ खांद्याच्या वर. "ताठ बसा, काका." खाली. "आता श्वास सोडा." वर. क्लेटनलाही मौज वाटायला लागली. त्यानं बऱ्याच वेळा करून बघितलं.

"काका, श्वास न सोडता गाडी चालवणार असाल तर नियमात बसते," शेवटी तो म्हणाला. "नाहीतर नीट करून आणा आणि कोर्टातल्या खिडकीवर दाखवा. तोवर चालवायची नाही."

चालवायची नाही म्हणजे घरी न्यायची कशी? ज्याच्याकडे सामान वाहायची मोठी गाडी होती असा माणूस आर्डनच्या माहितीत एकच होता. वेंडेल शीळ घालत आला. मोटरसायकल मागे चढवून, दोर आवळताना टाकीवर थाप मारून तो तिला म्हणाला, "ये गं ये. रस्ता बघून ठेव." घरी येईपर्यंत आर्डन खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती.

कोर्टातल्या खिडकीवरची बाई चष्म्यावरून बघत म्हणाली, "हँडल उंच आहे, की माणूस बुटका?" प्रश्न अपमानाचा होता, पण आर्डनला तो आवडला. त्यानं घरी येऊन त्यावर विचार केला. उत्तर असं निघालं की माणूस बुटका नाही, माणूस वाकलेला आहे. मग लांब वायरी मागवल्या, ब्रेकचा पाइपही लांब घेतला, हँडल बोल्टांमध्ये मागच्या बाजूला फिरवून मुठी खाली नि आणखी जवळ आणल्या, आणि शेरिलनं त्याच्यासाठी शिस्त आखून दिली. जेवताना ताठ, दात घासताना ताठ, टीव्ही बघताना ताठ. तो स्वयंपाकघरात बसला की शपथविधीला आल्यासारखा दिसायचा. खिडकीवरच्या बाईनं खाली येऊन गाडी बघितली, श्वास सोडायला लावला, पुन्हा घ्यायला लावला आणि शिक्का मारला. बोल्ट चार, पण मसाला बारा आण्यांचा झाला होता.

आशीर्वादाच्या रविवारी लख्ख ऊन पडलं. पास्टर रूथ बादलीत देवदाराची फांदी बुडवून गाड्यांवर पाणी शिंपडत आल्या. आर्डनपाशी थांबून त्यांनी हँडल न्याहाळलं आणि दोनदा शिंपडलं. मागून वेंडेल म्हणाला, "दाजी, मी घरी जागा करून आलोय गॅरेजात." आर्डननं हेल्मेट चढवलं. कोरीन मागे बसली, तिनं त्याच्या कमरेला धरलं, आणि ताफा निघाला.

काय सांगावं! धान्याचं कोठार गेलं, करंगळी जागी. पूल गेला, मनगट जागं. तळ्याच्या पूर्वेची लांब सरळ वाट संपली, मान मोकळी, पाठ मोकळी, आणि आर्डनला वाटलं आपण आणखी शंभर वर्षं अशी गाडी चालवू. आनंदानं त्यानं हेल्मेटच्या आत गाणं म्हटलं. चढाच्या माथ्यावर, जिथून उतार सुरू होतो, तिथे ताफा नेहमीप्रमाणे पाणी प्यायला थांबला. अर्धी फेरी झाली होती. आता उतार, वळण आणि परतीचा रस्ता. गाडी वाचली होती.

"कोरीन, करंगळी जागी आहे!" उतरून त्यानं बायकोला बोट हलवून दाखवलं.

कोरीननं हेल्मेट काढलं. तिचा चेहरा उतरला होता. "छान झालं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून तू एकटाच जा."

"म्हणजे?"

"मला आज काही म्हणता काही दिसलं नाही. चर्चपासून इथवर मी तुझ्या जाकिटाची शिवण बघत आले. एक टाका उसवलाय, घरी गेल्यावर घालते."

"अगं, मग बाजूला बघायचं!"

"बाजूला झुकलं की ओरडतोस, हलू नकोस, तोल जातो. आधी तू वाकून बसायचास, तेव्हा तुझ्या डोक्यावरून सगळं दिसायचं. मी त्यासाठी यायचे."

आर्डनला हे फार लागलं. "माझ्यासाठी नाही?"

"तुझ्यासाठी घरी बसूनही चालतं रे," कोरीन म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून त्याला भांडताही येईना.

करंगळी जागी झाली, गाडी वाचली, आणि मागची सीट रिकामी होणार. एकटंच तळ्याभोवती फिरून करायचं काय? थोड्या अंतरावर वेंडेल ताफ्यामागून आणलेल्या आपल्या मोठ्या गाडीला टेकून, बाटलीतलं पाणी पीत डोळा ठेवून होता. फक्त परत गाडीवर बसायचं होतं, अर्धी फेरी पुरी करायची होती. पण आर्डनच्या डोक्यात भलताच किडा वळवळायला लागला होता.

"काय दिसायचं पण?" त्यानं विचारलं.

"सांगून कळणार आहे?"

"सांग तर. काय काय दिसतं?"

"बघायचं तर मागे बसावं लागतं."

आर्डननं वेंडेलकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. आयुष्यात त्याला एखादी गोष्ट माहीत नाही असं कळल्यावर तो कधी गप्प बसला नव्हता. "पण मी मागे बसलो तर पुढे कोण बसणार?"

कोरीन हेल्मेट चढवून पुढे बसली. मागे फिरवलेल्या मुठी तिच्या आखूड हातांना जणू मापून घेतल्यासारख्या आल्या.

"तुला येते?" आर्डन थक्क झाला.

"वेंडेलला कुणी शिकवली असं वाटतं तुला? जुनं हँडल माझ्या हातांना पोचत नव्हतं, एवढंच. लायसन्स नवं करताना मोटरसायकलचा शिक्का मी दर वेळी मारून घेते."

"कशाला?"

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं. बस आता. आणि हलू नकोस."

आर्डन मागे बसला. पहिल्या झटक्याला गाडी थोडी डुलली, त्यानं डोळे मिटले, मग उघडले. कोरीनचं डोकं त्याच्या हनुवटीखाली होतं आणि तिच्या डोक्यावरून सबंध तळं समोर पसरलं होतं, निळंभोर, उतार संपेपर्यंत. उताराच्या तळाशी अवघड वळण आहे. तिथे खडी असते, आर्डननं दर वर्षी ती खडी अगदी निरखून बघितली होती. या वेळी मान वर केली. वळणापलीकडे पाण्यात उभी असलेली वाळलेली झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर काटक्यांची मोठमोठी घरटी. घरट्यांत राखी बगळे. उंच, ताठ, एका पायावर. गाड्यांच्या आवाजानं त्यांतले कित्येक उडाले आणि ताफ्याच्या डोक्यावरून संथपणे गेले. आर्डनचं तोंड उघडंच राहिलं.

चर्चच्या आवारात क्विस्टांची गाडी शिरली तेव्हा पुढे बायको आणि मागे नवरा बघून सगळ्यांच्या माना वळल्या. वेंडेल आधीच पोचला होता. तळघरात केकच्या टेबलापाशी तो हात पुढे करून उभाच होता.

"दाजी, किल्ली."

"स्वतः चालवत, पूर्ण फेरी," मिस्टर ऑस्ट्रँडर खेदानं म्हणाले. "क्विस्ट, तू नापास."

"किल्ली माझ्याकडे आहे," कोरीन म्हणाली. "आणि गाडीच्या कागदांवर नाव दोघांचं आहे. पैज लावताना मला कुणी विचारलं होतं?"

"ताई, असं काय गं करतेस! दाजींना गाडी झेपत नाही म्हणून—"

"मला झेपते."

वेंडेलनं सरांकडे बघितलं. सरांनी केकचा तुकडा संपेपर्यंत विचार केला. "एका मालकाला न विचारता लावलेली पैज धरता येत नाही," ते म्हणाले. वेंडेलनं हात खाली केला आणि त्याच हातानं केक घेतला.

आर्डनचं मात्र इकडे लक्षच नव्हतं. तो टेबलाटेबलावर फिरत होता. "त्या वळणावर बगळे आहेत! अख्खी वसाहत! ठाऊक होतं तुम्हाला?" गाड्या चालवणारे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. कुठले बगळे? कुठल्या वळणावर? तिथे तर खडी असते. आणि मागे बसून आलेल्या सगळ्या बायका केक खाता खाता हसत होत्या.

शेवटी तो कोरीनशेजारी येऊन बसला. रुबार्बच्या केकचा आंबटगोड घास त्यानं तोंडात टाकला.

"इतकी वर्षं," तो म्हणाला, "मला एकदाही सांगितलं का नाहीस गं?"

"दर वर्षी सांगायचे," कोरीन म्हणाली. "ते वळण आलं की तुझ्या कानाशी येऊन ओरडायचे, आर्डन, बगळे बघ, बगळे! आणि तू काय करायचास, आठवतंय?"

"काय?"

"मागे न बघता अंगठा वर करायचास."